ठासणीची बंदूक आणि तिचे सुटे भाग : सुरतेच्या पेठेपासून आजच्या प्रतिकृतीपर्यंत

शिवजयंतीची मिरवणूक असो, शाळेच्या स्नेहसंमेलनातील ऐतिहासिक नाटक असो किंवा एखाद्या गडावरील उत्सव असो, ढाल-तलवारीच्या जोडीला मावळ्यांच्या हाती बंदूकही दिसते. ही बंदूक प्रत्यक्षात कशी असे, तिचे भाग कोणते, ते कोण घडवी आणि कोठून मिळत, याविषयी मात्र फारच थोडी माहिती सर्वसामान्यांना असते. काही हौशी मंडळींना अशा बंदुकीची हुबेहूब प्रतिकृती तयार करावी असे वाटते. अमेरिकेत व युरोपात जुन्या धर्तीच्या बंदुकांचे सुटे भाग आणि जुळणीचे संच उघडपणे विकत मिळतात, हे ऐकल्यावर आपणही तसे भाग मिळवावेत अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या देशातील कायदा याबाबतीत वेगळा आहे आणि तो ठाऊक नसल्यास चांगल्या हेतूने केलेले कामही अंगाशी येऊ शकते. या जुन्या शस्त्राचा आणि त्याच्या भागांचा इतिहास, तसेच आजची कायदेशीर स्थिती, येथे थोडक्यात देण्यात येत आहे.

बंदुकीची रचना

ज्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडाकडून घालून गजाने ठासावी लागते, तिला ठासणीची बंदूक म्हणतात. तिचे मुख्य भाग चार. पहिला भाग लोखंडी नळी. दुसरा, ज्यावर ही नळी बसविलेली असते तो लाकडी दस्ता अथवा कुंदा. तिसरा, दारू पेटविणारी कळ. चौथा, नळीखाली खोचून ठेवलेला ठासणीचा गज. नळीचे मागील टोक बंद असते आणि त्याच्याजवळ बाजूला एक बारीक छिद्र असते. या छिद्रास बंदुकीचा ‘कान’ म्हणत. कानाशेजारच्या लहानशा वाटीत बारीक दारू ठेवीत. तिला ‘रंजक’ हे नाव होते. रंजक पेटले की ठिणगी कानातून आत जाई, आतील दारूचा भडका उडे आणि गोळी बाहेर पडे.

रंजक पेटविण्याच्या पद्धतीत कालानुसार बदल होत गेला. सतराव्या शतकात आपल्याकडे सर्वत्र तोड्याची बंदूक प्रचारात होती. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली सुताची दोरी, म्हणजेच तोडा किंवा जामगी, एका वाकड्या लोखंडी पट्टीत अडकविलेली असे. चाप ओढला की जामगीचे धुमसते टोक रंजकावर टेके. त्यानंतर चकमकीची बंदूक आली. तीत गारेचा तुकडा पोलादी पट्टीवर आपटून ठिणगी पडे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चकमकीची जागा तांब्याच्या लहान टोपीने घेतली. या टोपीच्या आत आघाताने पेट घेणारा मसाला असे. १८५७ च्या उठावास निमित्त ठरलेली एन्फील्ड बंदूक याच टोपीच्या प्रकारातील, आणि तीही ठासणीचीच होती.

शिक्षकांनी व नाट्यसंस्थांनी हा क्रम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. शिवकालीन प्रसंगात मावळ्याच्या हाती तोड्याची बंदूक शोभते. पेशवाईच्या उत्तरार्धातील कवायती पलटणींच्या हाती चकमकीची बंदूक योग्य ठरते. टोपीची बंदूक ही इंग्रजी अमलातील वस्तू होय.

एका बंदुकीमागे अनेक कारागीर

बंदूक हे एका कारागिराचे काम नव्हे. नळीसाठी लोहार लोखंडाची पट्टी भट्टीत तापवून एका गजाभोवती गुंडाळी आणि सांधे ठोकून एकजीव करी. नंतर नळी आतून कोरून सारखी करावी लागे. कुंद्यासाठी शिसवीसारखे कठीण व चिवट लाकूड लागे आणि ते तासणारा सुतार नळीच्या मापाने खाच पाडी. नळी व कुंदा एकत्र बांधण्यासाठी कच्च्या चामड्याच्या वाद्या, तार किंवा पितळी पट्ट्या वापरीत. म्हणजे येथे चर्मकाराचा किंवा तांबटाचा हात लागे. जामगीसाठी सूत, गोळीसाठी शिसे आणि दारूसाठी सोरा, गंधक व कोळसा या वस्तू निराळ्याच. यांपैकी एखादीही कमी पडली तर उरलेली सर्व सामग्री निरुपयोगी ठरे.

सर्वांत अवघड काम नळीचे बूड बंद करण्याचे. दारूचा सर्व दाब याच ठिकाणी येतो. येथील जोड कच्चा असेल तर गोळी पुढे जाण्याऐवजी बूडच मागे उडून बंदूकधाऱ्याच्या तोंडावर येण्याचे भय असते. यासंबंधी जपानमध्ये एक कथा परंपरेने सांगितली जाते. १५४३ साली पोर्तुगीज प्रवाशांकडून तानेगाशिमा बेटाच्या अधिपतीने तोड्याच्या बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहाराला तशाच बंदुका करण्याची आज्ञा दिली. लोहाराने नळी घडविली; परंतु बूड बंद करणारा आट्यांचा डाट त्याला साधेना. दुसऱ्या वर्षी आलेल्या पोर्तुगीज कारागिराकडून ती विद्या शिकल्यानंतरच जपानी बंदूक तयार झाली. एका लहानशा भागासाठी संपूर्ण शस्त्र कसे अडून राहते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

शिवाय, हाताने घडविलेल्या त्या काळात एका बंदुकीचा स्क्रू दुसऱ्या बंदुकीस बसत नसे. प्रत्येक भाग त्या त्या बंदुकीच्या मापाने कानस मारून बसविलेला असे. १७८५ मध्ये पॅरिस येथे वकील असलेले अमेरिकेचे थॉमस जेफरसन यांनी ओनोरे ब्लांक या फ्रेंच कारागिराचे काम पाहिले. ढिगांतून हाती येतील ते भाग उचलून त्यांनी बंदुकीच्या कळा जुळविल्या आणि त्या बिनचूक बसल्या. जेफरसन यांना त्याचे इतके नवल वाटले की त्यांनी ही हकिकत आवर्जून आपल्या देशाला कळविली. सुटे भाग कोठूनही आणून जोडता येणे ही आज साधी वाटणारी गोष्ट सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी अपूर्वाईची होती.

सुरतेची पेठ

तापी नदीच्या काठी वसलेले सुरत हे सतराव्या शतकात मोगल साम्राज्याचे सर्वांत मोठे बंदर होते. मक्केला जाणारे यात्रेकरू येथूनच जहाजात बसत. पोर्तुगीजांच्या उपद्रवापासून शहराचे रक्षण करण्यासाठी गुजरातच्या सुलतानाच्या आमदानीत, १५४० नंतरच्या दशकात, नदीकाठी किल्ला बांधण्यात आला. तो आजही उभा आहे. इंग्रजांनी १६१३ च्या सुमारास, वलंदेजांनी म्हणजे डच लोकांनी १६१६ मध्ये आणि फरासिसांनी १६६८ मध्ये येथे वखारी घातल्या.

या वखारींतून कापड, नीळ व मसाले परदेशी जात हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या जहाजांतून येथे काय येत असे, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. इंग्रजांच्या जहाजांतून लोकरी कापड, पोवळी, पारा, कथील आणि शिसे येई. वलंदेज जपानचे तांबे आणीत. गंधक समुद्रमार्गेच येत असे, कारण आपल्या देशात त्याच्या मोठ्या खाणी नाहीत. सोऱ्याची गोष्ट उलट होती. गुजरातेत अहमदाबादच्या बाजूस आणि त्याहून मोठ्या प्रमाणावर बिहारमध्ये सोरा तयार होई. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरतेहून इंग्रज तो आपल्या देशी नेत आणि पुढे त्यांचा हा व्यापार बिहारच्या सोऱ्यावर उभा राहिला. अशा रीतीने बंदुकीस लागणारा एक पदार्थ याच देशातून बाहेर जात होता, तर दुसरे दोन बाहेरून येत होते. सुरतेची पेठ ही या देवघेवीची एक मोठी जागा होती.

शिशाचे राजकारण

दख्खनच्या राज्यकर्त्यांना या पेठेचे महत्त्व पुरते ठाऊक होते. सह्याद्रीत लाकूड व कोळसा विपुल. लोखंड वितळविणारे आणि घडविणारे कारागीर गावोगावी होते. शिसे आणि गंधक मात्र येथे नव्हते. त्यांच्या पुरवठ्यासाठी समुद्रावरील टोपीकरांशी संबंध ठेवणे भाग होते. परंतु टोपीकर हे केवळ व्यापारी नव्हते. कोणाला काय विकावे, याचा विचार ते आपल्या राजकीय लाभाच्या दृष्टीने करीत.

१६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रजांनी त्याला स्फोटक गोळे विकले. इतकेच नव्हे, तर वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन स्वतः वेढ्यात जाऊन गडावर गोळे टाकण्याच्या कामी सामील झाला. तटस्थ म्हणविणाऱ्या व्यापाऱ्यांचे हे वर्तन शिवाजी महाराजांनी विसरणे शक्य नव्हते. १६६१ मध्ये त्यांनी राजापुरावर चाल करून वखार ताब्यात घेतली आणि तेथील इंग्रजांना कैद केले. हे इंग्रज १६६३ पर्यंत बंदिवासात होते.

पुढे १६६४ च्या जानेवारीत आणि १६७० च्या ऑक्टोबरमध्ये महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. पहिल्या स्वारीच्या वेळी मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि शहर उघडे पडले. जॉर्ज ऑक्झेंडेन याच्या नेतृत्वाखाली इंग्रजांनी आपली वखार तेवढी राखली. या स्वारीनंतर औरंगजेबाने शहरास विटांचा तट बांधविला. सुरतेच्या स्वाऱ्यांचा विचार बहुधा संपत्तीच्या दृष्टीने केला जातो. परंतु या घटनांनंतरही महाराजांना टोपीकरांशी व्यवहार चालू ठेवावा लागला, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. इंग्रजांकडून तोफा मिळविण्याचे प्रयत्न झाले. पण मोगलांचा रोष पत्करण्याची सुरतेच्या वखारीची तयारी नव्हती. फरासिसांनी मात्र व्यवहार केला. सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून १६७३ च्या सुमारास महाराजांनी ऐंशी तोफा आणि आपल्या सर्व बंदुकांना पुरेल इतके शिसे खरेदी केले, अशी नोंद इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केली आहे. ज्या शहरावर दोनदा चाल केली त्याच शहरातील एका वखारीकडून गोळीचे शिसे घ्यावे लागले. त्यावरून सुट्या मालाचा पुरवठा हा राज्याच्या दृष्टीने केवढा मोठा प्रश्न होता, हे लक्षात येते.

स्वावलंबनाचे प्रयत्न

परक्याच्या मालावर अवलंबून राहण्यातील धोका जाणून स्वराज्यात शस्त्रसामग्रीची व्यवस्था करण्यात आली होती. राज्याच्या अठरा कारखान्यांत तोफखाना व दारूखाना यांना स्वतंत्र स्थान होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी बारकाईने सूचना दिलेल्या आढळतात. दारूचे कोठार वस्तीच्या घराजवळ नसावे, दारू वेळोवेळी बाहेर काढून उन्हात वाळवावी आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. टोपीकरांच्या अंतस्थ हेतूंविषयी सावध राहण्याचा इशाराही त्याच ग्रंथात आहे.

पेशवाईत थोरले माधवराव यांच्या कारकिर्दीत आंबेगव्हाण येथे १७६५-६६ मध्ये तोफांच्या गोळ्यांचा कारखाना सुरू झाला आणि काही वर्षांनी पुण्यासही तसा कारखाना निघाला. उत्तरेत महादजी शिंदे यांनी द बॉयन याच्या हाताखाली कवायती फौज उभारली. त्यांच्या आग्रा येथील कारखान्यात सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली चकमकीच्या बंदुका तयार होत. एका बंदुकीस सुमारे दहा रुपये खर्च येई असे सांगतात. हत्यार येथे बनू लागले, हे यश मोठेच होते. तथापि कारखान्याचे तंत्र जाणणारे प्रमुख लोक परकीय राहिले आणि प्रसंग येताच त्यांतील अनेकांनी साथ सोडली. भाग येथे घडले तरी ते घडविण्याची विद्या आपल्या लोकांत मुरली नाही, ही उणीव पुढे जाणवली.

त्याच सुमारास इंग्रजी कंपनीने आपल्या फौजेसाठी एका ठरावीक नमुन्याची बंदूक पक्की केली. सुमारे ३९ इंच, म्हणजे ९९ सेंटिमीटर लांबीची नळी आणि पाऊण इंचाचा व्यास असलेली ही बंदूक ‘इंडिया पॅटर्न’ या नावाने ओळखली जाई. १७९७ मध्ये खुद्द इंग्लंडच्या सरकारी सैन्यानेही तोच नमुना स्वीकारला. हिंदुस्थानच्या नावाचा हा नमुना जगभर लढला. आज ज्या बंदुकीच्या प्रतिकृतींना परदेशात मोठी मागणी आहे, ती ‘ब्राऊन बेस’ या कुळातीलच आहे.

परदेशातील संच आणि भारतीय कारागीर

अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्धाचे प्रसंग जुन्या वेशात सादर करणाऱ्या अनेक मंडळ्या आहेत. तेथील १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंतची जुनी शस्त्रे आणि ठराविक प्रकारच्या ठासणीच्या बंदुका यांना आधुनिक बंदुकांपेक्षा वेगळे मानले आहे. त्यामुळे नळी, कळ, अर्धवट तासलेला कुंदा, पितळी पट्ट्या, गज असे भाग निरनिराळ्या व्यापाऱ्यांकडून मागवून घरी जुळणी करणे हा तेथे एक छंद बनला आहे. इटलीतील गार्दोने व्हाल ट्रोंपिया या गावात शेकडो वर्षे बंदुका घडविणारी घराणी आहेत. तेथील कारखानेही जुन्या धर्तीच्या बंदुका तयार करतात. इंग्लंडमध्ये उडविण्यासाठी ठासणीची बंदूक बाळगण्यास परवाना लागतो.

इटली व इंग्लंड येथे एक गोष्ट महत्त्वाची मानली जाते, ती म्हणजे नळीची कसोटी. इंग्लंडमध्ये लंडन येथे सतराव्या शतकापासून आणि बर्मिंगहॅम येथे १८१३ पासून नळ्यांची परीक्षा करणाऱ्या संस्था आहेत. नेहमीपेक्षा अधिक दारू भरून बंदूक उडवून पाहतात. नळी टिकली तरच तिच्यावर मोहोर उमटते. पाण्याच्या नळाचा तुकडा किंवा अन्य कामासाठी केलेली नळी ही कधीच बंदुकीची नळी होऊ शकत नाही. त्याचे कारण या कसोटीवरून स्पष्ट व्हावे.

या व्यापारात भारतीय कारागिरांचाही वाटा आहे. आपल्या देशात तयार झालेल्या जुन्या बंदुकांच्या प्रतिकृती अमेरिका, कॅनडा व युरोपात विकल्या जातात. यांतील पुष्कळशा प्रतिकृतींच्या नळीला कानाचे छिद्र पाडलेले नसते. छिद्र नसल्याने त्या उडविता येत नाहीत आणि शोभेची वस्तू म्हणून त्यांची पाठवणी होते. बाह्य रूप जुन्या बंदुकीचे, परंतु शस्त्राचा प्राण असलेला कान मुळातच नाही, अशी ही रचना आहे.

आपल्या देशातील कायदा

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. बंदूक जुन्या पद्धतीची आहे, तोंडाने भरावी लागते किंवा ती हौसेखातर केलेली आहे, एवढ्या कारणाने ती कायद्याच्या बाहेर जात नाही. स्फोटक पदार्थाच्या बळावर गोळी फेकणारे कोणतेही साधन हे अग्निशस्त्र होय. तसेच ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भाग आणि ती तयार करण्याची यंत्रसामग्री यांचाही समावेश आहे. यावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

पहिली बाब अशी की, परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. दुसरी बाब, अग्निशस्त्र तयार करणे, विकणे, दुरुस्त करणे, त्यात बदल करणे किंवा त्याची चाचणी घेणे यांसाठीही स्वतंत्र परवाना लागतो. गावातील लोहाराने ओळखीखातर एखाद्याच्या जुन्या बंदुकीची कळ दुरुस्त करून दिली, तरी तो कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदेशीर निर्मितीस किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तिसरी बाब, शस्त्रांची आयात परवान्याशिवाय करता येत नाही आणि शस्त्राचे भाग हेही शस्त्रच असल्याने परदेशातून जुळणीचा संच टपालाने मागविणे हा गुन्हा ठरतो. चौथी बाब, बंदुकीची दारू ही स्फोटकांच्या कायद्याखाली येते. ती घरी तयार करणे अत्यंत धोक्याचे असून कायद्यानेही निषिद्ध आहे.

कायद्याने काही सवलतीही दिलेल्या आहेत. जे शस्त्र कालबाह्य धाटणीचे किंवा पुरातन मूल्याचे आहे, अथवा मोडकळीस आलेले आहे, आणि जे दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा अधिनियम लागू होत नाही. यातील ‘दुरुस्ती करूनही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. गंजलेली पण दुरुस्त होऊ शकणारी बंदूक या सवलतीत बसत नाही, आणि ती बसते की नाही याचा निर्णय मालकाने स्वतः करावयाचा नसतो. दुसरी तरतूद शेतकऱ्यांशी संबंधित आहे. पिकांच्या रक्षणाच्या खऱ्या गरजेसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची सोय अधिनियमात आहे. त्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा लागतो. मात्र असा परवाना म्हणजे वन्य प्राण्यांची शिकार करण्याची मुभा नव्हे. त्याबाबत वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या तरतुदी कायम लागू राहतात.

वाड्यात किंवा शेतात जुनी बंदूक आढळल्यास

जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, देवघराशेजारच्या कोनाड्यात किंवा शेत नांगरताना एखादी जुनी नळी अथवा बंदूक सापडण्याचे प्रसंग येतात. अशा वेळी सर्वप्रथम एक खबरदारी घ्यावी. ठासणीची बंदूक भरलेली आहे की नाही, हे बाहेरून पाहून कळत नाही. कोरडी राहिलेली काळी दारू कित्येक वर्षांनंतरही पेट घेऊ शकते. म्हणून तोंड कोणाकडे करून ती हाताळू नये, नळीत सळई घालून खरवडू नये, तापवू नये आणि कानाजवळ काडी तर मुळीच धरू नये. मुलांना दूर ठेवून पोलीस पाटील किंवा जवळचे पोलीस ठाणे यांस कळवावे.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याची बंदूक घरातच पडून राहिल्याची उदाहरणे पुष्कळ असतात. वारसाने ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करावयाचा असतो. जमिनीत पुरलेली जुनी वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे आवश्यक आहे. शंभर वर्षांहून जुन्या ऐतिहासिक वस्तूंना पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ लागू होतो आणि त्या परस्पर परदेशी पाठविता येत नाहीत. भंगाराच्या भावाने विकलेली एक नळी म्हणजे एका गावच्या लोहाराच्या कसबाचा कायमचा नाहीसा झालेला पुरावा होय, याची जाणीव ठेवली पाहिजे.

शाळा व मंडळांसाठी नमुना

मग प्रतिकृती करूच नये काय? अवश्य करावी, परंतु ती न उडणारी असावी. असा नमुना गावातील कारागिरांच्या साह्याने आणि अल्प खर्चात तयार होऊ शकतो. त्यासाठी कोठूनही बंदुकीचे भाग मिळविण्याची आवश्यकता नाही.

नळीसाठी पोकळ लोखंडी नळ घेऊ नये. भरीव लाकडी गोल दांडा घेऊन त्यास काळा रंग द्यावा आणि तोंडाशी केवळ काळा ठिपका रंगवावा. कुंदा गावच्या सुताराकडून साध्या लाकडाचा तासून घ्यावा. तोड्याच्या बंदुकीचा कुंदा बहुधा सडपातळ व सरळसर असतो. इंग्रजी बंदुकीसारखा तो मागे रुंद नसतो. नळी व कुंदा यांना चामड्याच्या वाद्यांनी किंवा पितळी पत्र्याच्या पट्ट्यांनी बांधावे. जामगी धरणारी वाकडी पट्टी पत्र्याची किंवा लाकडाची करून पक्की बसवावी. जामगी म्हणून सुताची साधी दोरी गुंडाळावी. ती पेटवू नये. गज म्हणून वेताची कांडी नळीखाली खोचावी. मिरवणुकीत किंवा गर्दीच्या ठिकाणी असे नमुने नेण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यास कल्पना देणे इष्ट.

नमुना करताना मूळ वस्तू पाहणे सर्वांत उपयुक्त. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय येथे जुन्या शस्त्रांचे संग्रह आहेत. सुरतेचा किल्लाही तेथील महानगरपालिकेने दुरुस्त करून संग्रहालय म्हणून खुला केला आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अशा ठिकाणी न्यावे आणि वस्तूचे चित्र काढून तिचे भाग ओळखण्यास सांगावे. नळी कोणी घडविली असेल, लाकूड कोठले, शिसे कोठून आले आणि त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागली, हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. त्यांची उत्तरे शोधता शोधता लोहार, सुतार, तांबट व चर्मकार यांच्या कसबाबरोबर सुरतेच्या पेठेचा, राजापूरच्या वखारीचा आणि स्वराज्यापुढील अडचणींचा परिचय होईल.

शिवकालात एका बंदुकीची जुळणी करण्यासाठी सह्याद्रीतील लोहारापासून समुद्रापलीकडील खाणीपर्यंत अनेकांवर भिस्त ठेवावी लागे. ती भिस्त कमी करण्यासाठी त्या काळच्या राज्यकर्त्यांनी कारखाने उभारले आणि दारूखान्याचे कडक नियम घातले. आजच्या काळात त्या शस्त्राचा अभ्यास व्हावा, त्याचे जुने नमुने जपले जावेत आणि त्याच्या निरुपद्रवी प्रतिकृती शाळाशाळांतून दिसाव्यात. यासाठी ग्रामपंचायती, शिक्षक आणि उत्सव मंडळे यांनी पुढाकार घ्यावा, आणि गावात कोठे जुनी बंदूक पडून असेल तर ती रीतसर नोंदविण्याच्या कामी संबंधितांना साह्य करावे.